तळघरात एकोणचाळीस

इन्व्हर्टरच्या बॅटरीत दर एक तारखेला डिस्टिल्ड वॉटर घालणारा माणूस तुमच्या ओळखीचा आहेच. टीव्हीच्या रिमोटवरचं प्लास्टिक न काढणारा, नव्या सोफ्यावर जुनी चादर आणि त्या चादरीवर वर्तमानपत्र अंथरणारा, स्कूटर विकून पंधरा वर्षं झाली तरी तिची स्टेपनी माळ्यावर ठेवून तिच्यात हवा आहे का ते अधूनमधून चाचपणारा. वस्तू वापरणं त्याला जरा उधळेपणाचंच वाटतं. त्याचा खरा जीव वस्तू जपण्यात. असा माणूस पुण्यात राहिला तर सोसायटीच्या पंपाच्या खोलीची किल्ली आपोआप त्याच्याकडे जाते आणि सगळ्यांचं भलं होतं. पण तोच माणूस कंपनीने मिनेसोटाला पाठवला, तो तिथेच मुरला, निवृत्तीच्या सुमारास त्याने चोवीस फुटी कॅम्पर घेतला आणि तो आणून माझ्या खिडकीसमोर उभा केला, तर काय होतं ते मला विचारा.

कॅम्पर म्हणजे चाकांवरचं बिऱ्हाड. ओटा, गॅस, फ्रीज, न्हाणी, संडास, दोघांचा पलंग आणि जेवणाचं टेबल मोडून आणखी दोघांची सोय. जाहिरातीत त्याच्यापुढे खुर्च्या टाकून एक पांढऱ्या केसांचं जोडपं डोंगराआड जाणारा सूर्य बघत बसलेलं असतं. बापूंनी ती जाहिरात पाहिली तेव्हा त्यांना सूर्य दिसला नाही. त्यांना गाडीच्या पोटाशी असलेली झाकणं दिसली. "बाहेरून उघडणारे सात कप्पे आहेत रे!" असं ते मला म्हणाले, तेव्हा त्यांच्या डोळ्यांत जी चमक होती ती मुलीच्या लग्नातही मी पाहिलेली नाही.

पोटातल्या अशा कप्प्यांना कॅम्परवाली मंडळी बेसमेंट म्हणतात. बापूंनी त्या सातांपैकी एकालाच ‘तळघर’ ही पदवी दिली. मागच्या चाकाजवळचा कप्पा. त्यात पाण्याचा पंप, दोन-चार व्हॉल्व्ह, नळ्यांची गुंतावळ आणि बॅटरी. लांबी-रुंदी म्हणाल तर एक हार्मोनियम बसेल, तबला बाहेर राहील.

आता मिनेसोटाचा हिवाळा. नोव्हेंबरात बर्फ पडतं ते एप्रिलपर्यंत नीट जात नाही. याच राज्यात टॉवर नावाच्या गावी २ फेब्रुवारी १९९६ रोजी उणे ६० फॅरेनहाइट, म्हणजे उणे ५१ सेल्सिअस तापमान नोंदलं गेलं. हा आकडा बापू अशा थाटात सांगतात की थंडी त्यांच्या वाडवडिलांनी पाडली असावी. सहा महिने कॅम्पर बर्फात आणि उरलेले सहा महिने बापू कामात: गवत कापायचं, डास मारायचे, मंडळाचा गणपती. तरी एकदा वहिनींनी हट्टाने त्यांना लेक इटास्काला नेलं. मिसिसिपी नदी तिथून निघते आणि इतकी लहान असते की दगडांवर पाय देत माणूस पलीकडे जातो. वहिनी मिसिसिपी ओलांडून आल्या. बापू कॅम्परपाशीच थांबले होते. पंपाचा आवाज त्यांना बरोबर वाटत नव्हता.

इथली शहाणी माणसं ऑक्टोबरात एक शनिवार काढतात. टाक्या रिकाम्या करायच्या, कॉम्प्रेसरने नळ्यांतलं पाणी फुंकून काढायचं, राहिल्यासाहिल्यासाठी गुलाबी अँटिफ्रीझ फिरवायचं, बॅटरी उचलून घरात ठेवायची, कॅम्परवर ताडपत्री टाकायची आणि एप्रिलपर्यंत त्याचं नावही काढायचं नाही. (हे गुलाबी द्रव प्रॉपिलीन ग्लायकोलचं असतं, मोटारीच्या रेडिएटरमधल्यासारखं विषारी नसतं. एकदा मंडळाच्या कोजागिरीला त्याचा कॅन कोकम सरबताच्या कॅनला खेटून ठेवला गेला होता. बापूंनी ही सगळी माहिती, पाहुण्यांचे ग्लास ओठांशी असताना, अगदी सविस्तर दिली.)

बापू यातलं सगळं करतात. फक्त बॅटरी काढत नाहीत.

इथे थोडं शास्त्र सांगणं भाग आहे. मला ते बापूंनी सांगितलं आहे, त्यामुळे तुमचीही सुटका नाही. सुरुवातीला त्यांच्याकडे साधी ॲसिडची बॅटरी होती. ती पूर्ण चार्ज असेल तर उणे ५० सेल्सिअसलाही गोठत नाही. उतरलेली असेल तर उणे सात-आठलाच आत बर्फ होतो आणि डबा तडकतो. म्हणजे तिला फक्त चार्जिंगवर ठेवायचं, बाकी काही नको. ही गोष्ट बापूंना सोसेना. हिवाळ्यात करायला कामच उरलं नाही. मग त्यांनी लिथियमची बॅटरी आणली. हलकी, टिकाऊ, महागडी आणि बापूंच्या दृष्टीने सर्वगुणसंपन्न, कारण ती थंडीत चार्ज करता येत नाही. गोठणबिंदूखाली तिच्यात करंट सोडला तर आत लिथियमचा थर बसतो आणि ती कायमची कामातून जाते. म्हणून तिच्या आतलं सर्किट थंडीत चार्जिंगच तोडून टाकतं. सारांश, बॅटरीला वीज हवी असेल तर आधी ऊब हवी, आणि ऊब हवी असेल तर आधी वीज हवी. बापूंना हवं होतं ते मिळालं.

मी पहिल्याच वर्षी म्हणालो, "बापू, चार नट आहेत. बॅटरी काढा, घरात ठेवा. अर्धी चार्ज करून ठेवली तर सहा महिने तिला हात लावायला नको."

"आणि तळघराचं काय?"

"तळघरात मग जपण्यासारखं काही राहतच नाही ना!"

"तेच म्हणतोय मी," बापू म्हणाले आणि दुखावून आत गेले.

पहिला प्रयोग हीटरचा झाला. गॅरेजमधून नारिंगी एक्स्टेन्शन वायर ओढली आणि तळघरात दीड हजार वॅटचा हीटर बसवला. इथल्या घरातलं साधं सर्किट पंधरा अँपिअरचं, म्हणजे जेमतेम अठराशे वॅटचं. त्याच सर्किटवर गॅरेजमधला फ्रीझर होता. हीटर लागला, फ्रीझर सुरू झाला, ब्रेकर पडला. वहिनींच्या पुरणपोळ्या, किसलेला नारळ आणि वर्षाचे मटार फ्रीझरमध्ये होते. ब्रेकर पडलेला चार दिवस कोणाला कळलं नाही, कारण गॅरेजमध्ये फ्रीझरपेक्षा जास्त थंडी होती. पुरणपोळ्या वाचल्या. तळघर मात्र चार दिवस थंड पडलं होतं, आणि वहिनी ‘पोळ्या वाचल्या’ म्हणाल्या तेव्हा बापूंनी त्यांच्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती त्या अजून विसरलेल्या नाहीत.

दुसरा प्रयोग बारा व्होल्टचा पॅड. बॅटरीच्या खाली चिकटवायचा, तो बॅटरीला गरम ठेवतो. वीज कुठून घेतो? त्याच बॅटरीतून. मी हसलो. बापू म्हणाले, "हसू नकोस. वेळ आली की कळेल." मी आणखी हसलो.

आणि मग बल्ब आला.

साठ वॅटचा, तारेचा, पिवळा, साधा बल्ब. दिवसरात्र जळून वीसेक सेंटची वीज खातो आणि हार्मोनियमभर जागा गोठू देत नाही. तळघराला आतून दोन इंची फोमच्या पाट्या, त्यावर चंदेरी फुगेदार कागद, मध्ये पत्र्याच्या जाळीत बल्ब. भिंतीतला प्लग थर्मोस्टॅटचा: ३५ अंश फॅरेनहाइटला चालू, ४५ ला बंद. खरं सांगायचं तर काम चोख होतं. पण बापूंना तोवर दुसरीच काळजी लागली होती. २००७ च्या कायद्याने अमेरिकेत तारेचे बल्ब टप्प्याटप्प्याने जायचे होते, आणि २०१४ च्या जानेवारीपासून साठ वॅटचे बनवणं आणि आयात करणं थांबलं. एलईडी आले. नऊ वॅटमध्ये तेवढाच प्रकाश. जगाला आनंद झाला. बापूंनी एक एलईडी आणला, लावला, त्याच्यावर तळहात धरला आणि काढून ठेवला. "उजेड आहे, माया नाही," असा निकाल दिला.

त्या दिवसापासून बापू बल्ब गोळा करू लागले. गॅरेज सेल, बंद होणारी दुकानं, गावातल्या म्हाताऱ्यांच्या घरांचे लिलाव. एखाद्या घरात माणूस गेला की लोक फुलं घेऊन जातात. बापू फुलं घेऊन जात आणि निघताना हळूच विचारत, "त्यांच्या तळघरात जुने बल्ब होते का हो?" घरातलं एक कपाट भरलं. वहिनींच्या साड्या पाहुण्यांच्या खोलीत गेल्या.

(त्या बल्बांना नावं ठेवणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. इकडच्या थंडीत दही ओव्हनचा दिवा लावून विरजायची मराठी घरांत पद्धत आहे. नव्या ओव्हनना एलईडी दिवे आले आणि मंडळातल्या निम्म्या घरांत दही लागेना. बापूंनी एक-एक बल्ब आइस-बॉक्समध्ये बसवून घरोघर पोहोचवला. आमच्या घरचं श्रीखंड त्याच बल्बावर होतं. हे मी बापूंसमोर कधीच बोलत नाही.)

पण इथवर सगळं सोसण्यासारखं होतं. खरा उपद्रव सुरू झाला तो तळघरात सेन्सर बसवल्यापासून. हा सेन्सर दर पंधरा मिनिटांनी तळघराचं तापमान बापूंच्या फोनवर पाठवतो. आणि बापू ते आपल्याला सांगतात.

"या बापू, बसा. कसे आहात?"

"एकोणचाळीस."

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वहिनींना सोडायला आले, दारातच कोणी तिळगूळ पुढे केला. "तिळगूळ घ्या, गोड बोला!" बापूंनी तिळगूळ तोंडात टाकला, खिशातून फोन काढला आणि गोड बोलले: "बेचाळीस." नव्याने आलेल्या एका सुनेला वाटलं, यांचं वय. ती म्हणाली, "काका, वाटत नाही हां." बापू म्हणाले, "फोमच्या पाट्या घातल्यात ना!"

मंडळाच्या सत्यनारायणाला चौथा अध्याय चालू होता. साधुवाण्याने नावेत लतापत्र असल्याची थाप मारली, नावेतलं धन खरोखरच लतापत्र झालं, साधुवाणी मूर्च्छित पडला, आणि त्या क्षणी बापूंचा फोन किंचाळला. "चौतीस!" बापू उठले. प्रसाद न घेता उठले. गुरुजींनी पोथीतून मान वर करून "प्रसादाचा अव्हेर केला म्हणून तर..." एवढं म्हणेपर्यंत बापूंच्या गाडीचा आवाजही आला. घरी जाऊन पाहतात तो बर्फ उडवायच्या मशीनने वायर कापलेली. मशीन शेजाऱ्याचं होतं. शेजारी मी नाही, पलीकडचा.

या आकड्याने फक्त एका माणसाला मनापासून समाधान दिलं, ते म्हणजे बापूंचे पुण्यातले थोरले बंधू. एप्रिल सुरू झाला होता, आमच्याकडे रात्री अजून गोठत होतं. बापू फोनवर ओरडून सांगत होते, "दादा, एकोणचाळीस आहे, एकोणचाळीस!" तिकडून दादाही ओरडले, "अरे आमच्याकडेही एकोणचाळीसच! पंखा लाव, ताक पी!" दोघं भाऊ अर्धा तास बोलले. एक सेल्सिअसमध्ये, एक फॅरेनहाइटमध्ये. इतका एकोपा मी त्या घरात पूर्वी ऐकला नव्हता.

उंदरांचं सांगायचं राहिलं. उणे वीसच्या रात्री आसपासच्या सगळ्या मुलखात एकच उबदार, अंधारी, बिनभाड्याची जागा असेल तर ती कोणाला कळणार नाही? पहिल्या हिवाळ्यात तीन आले, दुसऱ्यात गोत आलं. त्यांनी फोम कुरतडून गाद्या केल्या. बापूंनी भोकांत स्टील वूल कोंबली, पेपरमिंटचं तेल शिंपडलं. तळघराला च्युइंगमचा वास येऊ लागला आणि उंदीर तिथेच राहिले, आता ताज्या श्वासाने. बाप्पाचं वाहन बापूंच्या वाहनात, असं मंडळात चार लोकांनी चार वेळा स्वतंत्रपणे म्हणून झालं. शेवटी एका उंदराने बल्बची वायर खाल्ली तेव्हा बापूंनी सापळा लावला. उंदीर जिवंत पकडून ते पाच मैलांवरच्या रानात सोडून आले आणि घरी येऊन म्हणाले, "बाहेर फार थंडी आहे गं, जगेल ना तो?"

वहिनींचं या सगळ्यावर एकच वाक्य होतं, आणि ते त्या कोणीही विचारलं की सांगत. "आमच्याकडे बारमाही बाळंतीण असते. शेक द्या, वारा लागू देऊ नका, दार उघडं टाकू नका, मोठ्याने बोलू नका. बाळ काही कुणी पाहिलं नाही अजून."

३० जानेवारी २०१९ ला मिनियापोलिसमध्ये उणे २८ फॅरेनहाइट झालं. टपाल खात्याने त्या दिवशी मिनेसोटात पत्रं वाटणंसुद्धा थांबवलं. गॅस कमी पडू नये म्हणून लोकांनी घरातला थर्मोस्टॅट ६३ वर आणावा अशी विनंती आली. बापूंनी ती शिरसावंद्य मानून घर ६३ वर आणलं आणि तळघरात दुसरा बल्ब लावला. मी रात्री खिडकीतून पाहिलं तर बापू दोन जाकिटं, माकडटोपी आणि वर वहिनींची शाल अशा वेशात तळघराचं झाकण बोटभर उघडून आत बघत होते. फटीतून पिवळा उजेड त्यांच्या मिशीवरच्या बर्फावर पडला होता. घरात वहिनी दोन स्वेटर घालून चहा करत होत्या. मी फोन केला, "वहिनी, बापूंना आत घ्या." त्या म्हणाल्या, "भाऊजी, ते म्हणताहेत इथे एकेचाळीस आहे, तूच बाहेर ये."

इतकं झाल्यावर त्या माणसाविषयी माझं मत काय असेल ते तुम्ही ओळखलंच असेल. माझं मत असं होतं की बापूंनी फिरण्यासाठी गाडी घेतली आणि तिची रात्रपाळी पत्करली. लाखभर डॉलरचं स्वातंत्र्य विकत घ्यायचं आणि त्याच्या दाराशी स्टूल टाकून बसायचं. हे मत मी बरेच जणांना ऐकवलं, आणि वाक्य चांगलं जमलंय असं मला वाटायचं.

२०२१ च्या जानेवारीत ऑस्टिनला त्यांच्या मुलीचे दिवस भरत आले. कोविडचा काळ. विमानात बसायची सोय नाही, लस अजून हाताला लागलेली नाही, आणि पहिलं बाळंतपण. वहिनी म्हणाल्या, "अहो, ती गाडी आहे ना? की ती फक्त शेकायला आहे?" बापू रात्रभर जागे होते. सकाळी त्यांनी नारिंगी वायर गुंडाळली.

आमच्या भागातून जाणारा इंटरस्टेट पस्तीस थेट ऑस्टिनच्या पोटातून जातो. आयोवा, मिसूरी, कॅन्सस, ओक्लाहोमा आणि मग टेक्सास. अकराबाराशे मैल. एक वळण चुकायची सोय नाही. टेक्सासात शिरेपर्यंत नळ्यांत गुलाबी पाणी, प्यायला कॅन, रात्री गाडीतच मुक्काम. मला दर राज्याच्या सीमेवरून मेसेज यायचा. डोंगराचा नाही, सूर्याचा नाही. "कॅन्सस. तळघर सदतीस."

जावईबापूंनी सासऱ्यांचं स्वागत हसून केलं. मुलगा गुणी, सॉफ्टवेअरमधला, थोडा शहाणा. "बाबा, इथे हिवाळा म्हणजे स्वेटरची हौस भागवण्यापुरते चार दिवस. बल्ब कशाला लावताय?" बापूंनी उत्तर दिलं नाही, बल्ब लावला. टाकी पाण्याने भरली, गॅसची टाकी भरून आणली. बाळ झालं, मुलगी झाली, सगळं सुखरूप. वसाहतीच्या समितीकडून चिठ्ठी आली की दारात कॅम्पर उभा ठेवणं नियमात बसत नाही, आठवडाभरात हलवावा. ही चिठ्ठी फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यातली.

१५ फेब्रुवारीच्या मध्यरात्रीनंतर टेक्सासमधली वीज तोडायला सुरुवात झाली. आळीपाळीने थोडा वेळ जाईल असं सांगितलं होतं. आपल्याला भारनियमन शिकवायला नको. पण आपल्याकडे निदान वेळापत्रक छापून यायचं. इथे अनेक घरांची गेलेली वीज दिवसचे दिवस आलीच नाही. पंचेचाळीस लाखांवर घरं अंधारात. टेक्सासने आपली ग्रिड बाकी देशापासून जवळजवळ वेगळी ठेवलेली, कारण दिल्लीचं ऐकायला नको तसं वॉशिंग्टनचं ऐकायला नको. त्यामुळे शेजाऱ्याकडून मागून आणायलाही फारशी तार नव्हती. आणि वीजकेंद्रं बंद का पडली? गॅसच्या विहिरींची तोंडं गोठली, यंत्रांच्या नळ्या गोठल्या. दक्षिण टेक्सासच्या अणुवीज केंद्रातली एक अणुभट्टी त्या पहाटे बंद पडली, कारण पाण्याचा दाब मोजणारी एक बारीकशी नळी गोठली. अणुभट्टी ठीक होती. नळी उघड्यावर होती.

त्याच राज्यात फेब्रुवारी २०११ मध्येही अशीच थंडी पडली होती, अशीच वीज गेली होती, आणि केंद्र सरकारच्या यंत्रणांनी भला मोठा अहवाल लिहून सांगितलं होतं की नळ्या झाका, उपकरणांना ऊब द्या. दहा वर्षं तो अहवाल पडून होता. ऐकण्याची सक्ती नव्हती. दोन इंची फोम, चंदेरी कागद, एक साठ वॅटचा बल्ब, आणि रात्री उठून झाकण उघडून बघणारा एक चक्रम म्हातारा, एवढं प्रत्येक केंद्रावर असतं तर काय झालं असतं ते इंजिनिअरांनी सांगावं. पण चक्रम म्हातारे भरतीच्या नियमांत बसत नाहीत.

ऑस्टिनमध्ये एक आकडी फॅरेनहाइट. मुलीचं घर सकाळपर्यंत थंडगार. टेक्सासची घरं उन्हाळ्यासाठी बांधलेली. त्यांच्या पाण्याच्या नळ्या माळ्यावरून आणि बाहेरच्या भिंतींतून जातात. दुपारी शेजारच्या घरात एक नळी फुटली आणि छतातून पाऊस पडू लागला. तीन आठवड्यांची बाळंतीण, तिचं बाळ, तिचा नवरा आणि वहिनी रजया गुंडाळून दारात आले, तेव्हा बापू कॅम्परची पायरी पुसत होते.

आत शेगडी... नव्हे, फर्नेस चालू होता. त्याचा जाळ गॅसवर, पंखा बॅटरीवर. जनरेटर दिवसातून थोडा वेळ चालवायचा, की बॅटरी भरते. आणि ती का भरते? कारण तिच्या बुडाशी तो बारा व्होल्टचा पॅड होता, ज्याच्यावर मी हसलो होतो. बिनविजेच्या शहरात बॅटरीला तिच्याच विजेवर ऊब देणारा पॅड. बॅटरी गोठणबिंदूच्या वर, म्हणून ती करंट घेत होती. पंप गोठला नव्हता, म्हणून नळाला पाणी होतं. १७ तारखेला ऑस्टिन शहराने सगळ्यांना पाणी उकळून प्यायला सांगितलं तेव्हा कॅम्परच्या टाकीत आधी भरलेलं चांगलं पाणी होतं, आणि बाळाला रोज ऊन पाण्याने आंघोळ होती.

वहिनी एका बाबतीत हटून बसल्या. बाळंतिणीला ओव्याची धुरी हवीच. त्यांनी टोपात निखारे घ्यायची तयारी केली आणि बापू आडवे झाले. "गाडीत निखारा नाही! कार्बन मोनॉक्साइड!" वहिनी म्हणाल्या, "आमच्या सात पिढ्या धुरीवर जगल्या." बापू म्हणाले, "त्यांच्या घरांना भोकं होती." शेवटी गरम पाण्याच्या पिशवीने शेक झाला. पण बापूंच्या डोक्यात तो वायू शिरला तो शिरलाच. ते गल्लीत फिरून दार ठोठावू लागले. एका घरात कोळशाची शेगडी गॅरेजमध्ये पेटवून कुटुंब तिच्याभोवती बसलेलं होतं. बापूंनी दार उघडं टाकून त्यांना बाहेर काढलं आणि उभ्याउभ्या तेच भाषण दिलं जे ते आम्हाला मंडळाच्या पार्किंगमध्ये देतात. त्या आठवड्यात टेक्सासात अशा वायूने माणसं दगावली. बापूंचं भाषण शेवटपर्यंत ऐकून घेणारे लोक मी तरी दुसरे पाहिले नाहीत.

समितीचे अध्यक्ष तिसऱ्या दिवशी आले. हातात बादली होती. बापूंनी त्यांना पाणी दिलं आणि म्हणाले, "गाडी हलवू का?" ही कथा बापू सांगतात तेव्हा इथे बराच वेळ थांबतात.

मला त्या दिवसांत मेसेज येतच होते. पहिल्या रात्री आला तो मी दोनदा वाचला. इतक्या वर्षांत बापूंनी मला आकडा कळवला तो तळघराचा. गाडीच्या आत, जिथे माणसं बसतात, झोपतात, तिथे किती आहे ते त्यांनी कधी सांगितलं नव्हतं, आणि मीही कधी विचारलं नव्हतं. त्या रात्रीचा मेसेज असा होता: "वर अडुसष्ट. दोघी झोपल्या."

मी काही उत्तर पाठवलं नाही. काय पाठवायचं?

परत आल्यावर बापू अर्थातच असह्य झाले. मंडळाने झूमवर त्यांचं व्याख्यान ठेवलं, तळघरावर. दीड तास चाललं आणि शेवटच्या अर्ध्या तासात फक्त व्हॉल्व्ह होते. बॅटरी काढून घरात ठेवा, असं सुचवायची आता आमच्यात कोणाची प्राज्ञा राहिली नाही, आणि हे बापूंना फार जाणवतं. परवा स्वतःच मला म्हणाले, "का रे, हल्ली तू बॅटरी काढा म्हणत नाहीस?" म्हटलं, बापू, बॅटरी काढा. "आणि तळघराचं काय?" ते तत्काळ म्हणाले आणि खूश होऊन आत गेले.

जावईबापूंचं मात्र अवघड झालं आहे. ऑगस्ट २०२३ पासून तारेचे साधे बल्ब अमेरिकेत विकायलाही बंदी आली. त्याच आठवड्यात त्यांचा मला ऑस्टिनहून फोन. तिकडे एकशेचार फॅरेनहाइट, मागे एसीचा घरघराट.

"काका, बाबांच्या कपाटातले दोन डझन मिळतील का? तुम्ही शब्द टाकाल?"

"अरे वा, कॅम्पर घेतला का?"

"नाही," जावईबापू म्हणाले, "तो बघू सावकाश. बल्ब आधी जमवून ठेवतोय."